तासाला दोन श्वास

४ एप्रिल १९४८, रविवार

हजेरीपटावर निजामी फसली १३५७ सालची एकतीस नावं आहेत. काल वर्गात पाच मुली होत्या. बाकीच्यांच्या घरांनी गाड्या जुंपल्या आणि संस्थानाची हद्द ओलांडून बार्शीकडं गेली. रझाकारांची धाड येणार, धाड येणार असं दोन महिने सगळे म्हणताहेत. इथं अजून कुणी आलेलं नाही. पण भीतीनंच गाव अर्धं रिकामं झालं.

सुट्टी होती म्हणून तळ्याकडं गेले. तळं म्हणजे आता नुसता भेगाळलेला गाळ. धुळाप्पा धनगर मेंढरांना पाणी लागतं का पाहायला तळ्याच्या पोटात खड्डा खणत होता. दोन हात खोल त्याच्या कुदळीला काहीतरी लागलं. मातीचा गोळा वाटला, निघालं कासव.

"घ्या बाई," तो म्हणाला. "तुमच्यागतच हाय. पाणी गेलं, समदी गेली, ह्ये जागा सोडंना."

मग उलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "पर मेलंय जणू."

मी पिशवीतला आरसा त्याच्या नाकपुड्यांपुढं धरला. वाफ धरली नाही. तरी पदरात गुंडाळून घरी आणलं. कडूबाईनं दारातच पाहिलं. तिच्या घरातली रस्त्याकडची खोली माझ्याकडं आहे. सहा महिन्यांत ती माझ्याशी जेवढं बोलली असेल तेवढं एका पोस्टकार्डावर मावेल. आज बोलली: "मढं घरात आणू नगा."

फुटक्या रांजणात ओला गाळ भरून कासव त्यात ठेवलं. रांजण अंगणात, कडूबाईच्या जात्याशेजारी.

५ एप्रिल

हैदराबादच्या वह्या काढल्या. प्राणिशास्त्र आम्ही उर्दूतून शिकलो. श्वसनाला तिथं तनफ्फुस म्हणायचं. तो धडा मी पाठ म्हणून दाखवू शकते, पण मराठीत एका मुलीला सांगायचा तर शब्द चाचपडावे लागतात. म्हणून आज मुद्दाम मराठीत लिहून काढला.

बेडूक ओल्या कातडीवरही पुष्कळ भागवतो. सरपटणाऱ्या प्राण्यांची कातडी कोरडी, खवल्यांची. त्यांना फुप्फुसं लागतातच. पाल आणि सरडा बरगड्या पसरून हवा आत ओढतात. साप बहुतेक एकाच लांबोळ्या फुप्फुसावर जगतो, दुसरं असलंच तर नावाला. कासवाची अडचण वेगळी. त्याच्या बरगड्या पाठीच्या ढालीतच जडलेल्या, छाती फुगवायची सोयच नाही. मग पायांच्या मुळाशी असलेले स्नायू आतले अवयव मागंपुढं ढकलतात, त्यानं फुप्फुस भरतं आणि रिकामं होतं.

हे लिहिता लिहिता हात थांबला. मी नाकाकडं पाहत होते. पाहायला हवं होतं मागच्या पायाशी!

रांजणापाशी जाऊन बसले. पायाजवळची कातडी उघडी केली, शेजारी घड्याळ ठेवलं. चोवीस मिनिटं काही नाही. मग ती कातडी हळूच आत ओढली गेली आणि पुन्हा बाहेर आली. एवढंच.

मी मोठ्यानं ओरडले, "जिवंत आहे!" घरात कुणी नव्हतं. बोळातही नव्हतं. कॉलेजात असते तर जुबेदा धावत आली असती. तिचं पत्र आलेलं नाही त्याला आता पाच महिने झाले.

९ एप्रिल, शुक्रवार

अमावास्या. अंगणाच्या कोपऱ्यात एक मोठी शिळा आहे, कडा चिखलानं लिंपलेली. कडूबाईनं तिच्यावर दहीभाताचा नैवेद्य ठेवला. दर अमावास्येला ठेवते. आज मी विचारलं, कुणासाठी?

"पेवातल्या आईला."

शिळेखाली पेव आहे, ज्वारी साठवायचा खड्डा. तोंड अरुंद, पोट मोठं, दोन पुरुष खोल. उमरग्याला आमच्या घरीही होतं, पण वडिलांनी, अप्पांनी बुजवलं. अकरा वर्षांमागं कडूबाईचे मालक, दगडोबा, ज्वारी काढायला आत उतरले आणि तिथंच पडले. दोर टाकून वर काढलं तेव्हा जीव नव्हता.

"आईच्या मनात आलं, तिनं ठिऊन घेतलं," ती म्हणाली. "तिची मर्जी."

मला राहवलं नाही. शिकायला मला घराबाहेर पाठवलं ते कशासाठी? मी तिला बसवलं आणि सांगितलं, "कडूबाई, आत कुणी आई नाही. ज्वारीचा दाणासुद्धा श्वास घेतो. बंद पेवात तो सगळा प्राणवायू वापरतो, आणि जो वायू सोडतो तो जड असतो. विहिरीत पाणी साठावं तसा तो तळाशी साठतो. वरचं झाकण काढलं म्हणून लगेच जात नाही. कासवाला फार थोडी हवा पुरते, त्याचं अंग थंड, कारभार सावकाश. माणूस चार मिनिटांत संपतो. म्हणून तर आधी दिवा सोडून बघतात. दिवा विझला तर उतरायचं नाही."

ती शिळेकडं पाहत होती. "मजी दिवा सोडला असता तर..."

"तर ते आज असते."

तिनं शिळेवर सांडलेली शितं बोटानं गोळा केली. मग म्हणाली, "त्या दिशी तेल थोडं व्हतं. भैरोबाच्या दिव्यापुरतं."

नैवेद्याची वाटी उचलली आणि शेळीची धार काढायला गेली.

सहा महिन्यांत शाळेत मी काय केलं असेन ते असो. पण एका माणसाच्या मनात अकरा वर्षं बसलेली भीती मी आज मुळासकट काढली. झोप छान लागेल.

१८ एप्रिल

कासव: सकाळी तासाला दोन श्वास, दुपारी तीन. ऊन वाढलं की श्वास वाढतात.

अप्पांचं पत्र आलं. 'महादेवी, हट्ट पुरे. शाळा सरकारची आहे, जीव तुझा आहे. निरोप दे, गाडी पाठवतो.' खाली आईच्या, अव्वाच्या सांगण्यावरून एक ओळ: लिंगपूजा चुकवू नकोस आणि एकटी जेवू नकोस. दुसरं कसं पाळायचं ते तिनं कळवलेलं नाही. वर्गात तीन मुली. मी निघाले तर कुलूप लागेल आणि ते पुन्हा उघडणार नाही. जमणार नाही असं कळवलं.

कडूबाई आता बोलते. आज स्वतःहून येऊन बसली आणि विचारलं, "बाई, तसल्या हवेत मानूस पडतो तवा लई तरास व्हतो का?"

मी सविस्तर सांगितलं. आधी धाप लागते, डोकं ठणकतं, मग भोवळ येते आणि शुद्ध जाते.

"म्होरं कळत न्हाय ना?"

"पुढं नाही कळत."

"बरं," ती म्हणाली. जरा वेळानं पुन्हा, "किती येळ लागतो म्हणालात?"

केवढी जिज्ञासा! माझी सगळ्यांत चांगली विद्यार्थिनी पन्नाशीची आहे आणि तिचं नाव पटावर नाही.

२ मे, रविवार

शेवटच्या मुली परवा गेल्या. काल मी तरीही वेळेवर शाळा उघडली. एकतीस नावं मोठ्यानं वाचली. प्रत्येक नावानंतर थांबले, कारण थांबायची सवय आहे. फळ्यावर तारीख घातली. अकराला बाहेर आले, कुलूप लावलं. परत येताना वेशीपासून घरापर्यंत एकच माणूस दिसला, म्हातारा शरणबसप्पा, तोही ओसरीवर झोपलेला. किल्ली हातात घट्ट धरली होती, घरी आल्यावर तळव्यावर तिचा वळ दिसला.

कडूबाईनं शेळी धुळाप्पाला देऊन टाकली. तो मेंढरं घेऊन हद्दीकडं निघाला होता. "संबाळ, आता माझ्याच्यानं व्हत न्हाय," म्हणाली. धुळाप्पा हसला, "आवं, ही शेळी तुमच्याबिगर मला लाथा घालंल." तिनं शेळीच्या कपाळाला हात लावला आणि आत गेली.

मलाही तिचा पितळी तांब्या दिला. नाव कोरलेला, लग्नातला. मी नको म्हटलं तर म्हणाली, "तुमी एकल्या ऱ्हाता. पानी गार ऱ्हातं ह्यात." तिला माझी माया लागली आहे. लिहिताना संकोच वाटतो, पण फार बरं वाटलं.

९ मे

काल अमावास्या झाली. शिळेवर नैवेद्य नव्हता! मी काही बोलले नाही. अशा वेळी शिक्षकानं गप्प राहून पाहावं.

आज तिनं स्वतःच पहार आणली. "बाई, हात लावा. पेव उघडं करून ठिऊ. धाड आली तर बायामान्सांनी लपायचं कुठं?" मला तिचं कौतुक वाटलं. आम्ही दोघींनी मिळून लिंपण फोडलं, शिळा सरकवली. आंबूस, कुजका वास आला. अकरा वर्षांची राहिलेली ज्वारी तळाशी सडून गेली असणार. मी पुन्हा बजावलं, नुसतं उघडं ठेवून भागणार नाही, खालची हवा ढवळून काढावी लागेल, आणि दिव्याशिवाय कुणीही उतरायचं नाही.

"ध्यानात हाय की," ती म्हणाली.

दुपारभर ती पेवाच्या तोंडाशी पाय आत सोडून बसली होती. खालून गार लागत असेल.

११ मे

कासव: तासाला एकच. गाळ सुकत चालला आहे, तरी पाणी घालायचं नाही असं मी ठरवलं आहे. तळ्यात त्याला कोण घालतं?

कडूबाई दोन दिवस जेवलेली नाही. उन्हानं भूक मेली असेल.

१३ मे, गुरुवार

आज अक्षर वाईट येईल.

दुपारी तीनच्या सुमाराला शरणबसप्पा वेशीकडून ओरडत आला, "आले! आले! धुरळा दिसतुया परंड्याच्या वाटंला!" आणि आपल्या घरात शिरून त्यानं कडी घातली. मी घराच्या माळवदावर चढले. खरंच धुरळा होता, आभाळाला लागलेला, आणि गावाच्या दिशेनं येत होता.

मग मी काय केलं ते जसंच्या तसं लिहिते. खाली आले. रांजणातून कासव उपसलं, चिखलासकट पदरात बांधलं. पेवाकडं धावले. दोर पेवाशेजारच्या लिंबाला बांधलेलाच होता. तो कधी बांधला, कुणी बांधला, हे मनातही आलं नाही. दोर धरला आणि एक पाय आत सोडला. मला फक्त अंधार दिसत होता आणि तो चांगला वाटत होता.

कडूबाईनं मागून माझी वेणी धरली.

"कुठं निगालीस?"

तिनं मला पहिल्यांदाच तू म्हटलं.

"लपायला! तुम्हीही या, लवकर!"

"दिवा सोडला का?"

ती काय म्हणते ते मला कळेना. मी दोराला लोंबकळत होते. "कसला दिवा? वेळ नाही, कडूबाई, वेळ नाही!"

तिनं वेणी सोडली नाही. दुसऱ्या हातानं दंड धरून मला बाहेर खेचलं. गुडघा शिळेवर फुटला. मी सुटायला धडपडत होते, तशी तिनं मला खाली दाबलं आणि आपला गुडघा माझ्या पाठीवर ठेवला. चार दिवस न जेवलेल्या बाईत एवढी ताकद कुठून आली कोण जाणे. "हालायचं न्हाय," म्हणाली. घरात गेली, देव्हाऱ्यातला दिवा पेटवून आणला, सुतळीला बांधला आणि माझ्या तोंडासमोरून पेवात सोडला.

पुरुषभर खोल गेला. ज्योत आधी बुटकी झाली. मग कुणी फुंकर न घालता गेली.

आम्ही दोघी काठावर पालथ्या पडून त्या काळोखाकडं पाहत राहिलो. धाडीचं भानच नव्हतं. बोळात घुंगरं वाजली, मागोमाग में में असा कल्लोळ. धुळाप्पा दारात उभा, अंगावर बोट बोट धूळ.

"काय वो, दोगी वाकून काय बगताय? मोहरा घावल्या का?"

हद्दीवर चारा नव्हता, पलीकडं जाऊ देत नव्हते, म्हणून सगळी मेंढरं घेऊन तो परत आला होता. शेळीही होती. ती सरळ आत आली आणि कडूबाईचा पदर चघळू लागली.

धुळाप्पा मेंढरं बसवायला गेला. मी तशीच बसून होते. गुडघ्यातून रक्त येत होतं. कडूबाई समोर बसली.

"तुला तर समदं ठावं हुतं," ती म्हणाली.

"हो."

"तूच मला सांगितलंस. दिवा सोडाया पायजे म्हणून."

"हो."

"आन येळ न्हाय म्हणालीस."

मी मान हलवली.

"म्याबी त्येच म्हणले व्हते," ती म्हणाली. "पाव्हणं दारात बसल्यात, घरात पिठाचा कण न्हाय, येळ न्हाय. उतरा बिगीनं. ते म्हणले, दिवा? म्या म्हणले, तेल भैरोबापुरतंच हाय." तिचे ओठ हलत राहिले. "अकरा वरसं आईनं नेलं म्हणून जेवले म्या. तू म्हणालीस आई न्हाय. मग कोन ऱ्हायलं?"

आणि ती रडू लागली. मोठ्यानं, तोंड न झाकता. मी तिच्याजवळ सरकले. पदरातलं कासव आमच्या दोघींच्या मधे होतं.

आता ही वही उघडून मागची पानं वाचली. 'तर ते आज असते.' हे मी म्हटलं, आणि खाली लिहिलं की झोप छान लागेल. शेळी. तांब्या. लिंबाला बांधलेला दोर. 'म्होरं कळत न्हाय ना?' आणि त्याच्याखाली माझंच अक्षर: केवढी जिज्ञासा.

खोडावंसं वाटलं. खोडलं नाही.

१६ मे

कडूबाईला मावशी म्हणते. तिनं काही विचारलं नाही.

तिला सांगितलं की 'तर ते आज असते' हे वाक्य मी फार सोपं करून बोलले. शिकलेलं सगळं डोक्यात असताना मीही दोर धरला होता. ती म्हणाली, "व्हय. म्या बगितलं न्हवं." एवढंच. पण संध्याकाळी अर्धी भाकरी खाल्ली आणि राहिलेली अर्धी मला दिली.

दोर मी सोडून घेतला आणि माझ्या खोलीत ठेवला. तिनं पाहिलं.

२० मे, गुरुवार

चार दिवस पेवातली हवा काढतो आहोत. रीत धुळाप्पाला माहीत होती. घोंगडी दोराला बांधून तळापर्यंत सोडायची आणि झपाट्यानं वर ओढायची, शंभरदा, दोनशेदा. मधूनच पाण्याच्या घागरी वरून आदळायच्या. "जेवढं मेंढरू हाकलाया लागत न्हाय, तेवढी ही हवा हाकलाया लागती," तो म्हणाला.

पेव बुजवून टाकू असं मी सुचवलं होतं. मावशी म्हणाली, "बुजवायचं कशाला? दाणं कुठं ठिऊ मग?"

दर संध्याकाळी ती दिवा सोडते. पहिल्या दिवशी मधेच विझला. दुसऱ्या दिवशी कमरेइतका जास्त खोल जाऊन विझला. काल तळाच्या हातभर वर विझला. आज टेकला आणि जळत राहिला. तळाची काळी पडलेली ज्वारी दिसली, भिंतीला लावलेला कडबा दिसला. एका बाजूला चामड्याची एक वहाण होती. मावशीनं ती पाहिली. सुतळी हातात धरून ती तशीच बसली. मी तेलाचं भांडं आणून तिच्याजवळ ठेवलं आणि बाजूला झाले. बऱ्याच वेळानं तिनं दिवा वर ओढला, फुंकला नाही, तसाच नेऊन देव्हाऱ्यात ठेवला.

२४ मे

अप्पांचं दुसरं पत्र. गाडीवान पाठवू का, एवढंच. लिहिलं: इतक्यात नको. शाळा उघडी आहे. पटावर कुणी नाही हे लिहिलं नाही. एकटी जेवत नाही हे अव्वासाठी लिहिलं.

त्या दिवशीच्या धांदलीत कासवाच्या नोंदी बंद पडल्या होत्या. पुन्हा गाळात ठेवलं आहे, आणि आता थोडं पाणी घालते. तेरा तारखेनंतर त्यानं श्वास घेतलेला मी पाहिला नव्हता, पाहायचं धाडसही होत नव्हतं. आज शाळेतून आले तर मावशी जात्यावर बसलेली, समोर रांजण, पायाजवळची माती बोटानं बाजूला केलेली.

"घेतला," ती म्हणाली.

"कधी? तासाला किती?"

"मला न्हाय तुजं घड्याळ कळत." तिनं खुंट्याला हात घातला. "पायलीभर जवारी दळून हुईस्तवर दोनदा."

मी वहीत तसंच लिहून घेतलं.